फुकटाचा भाव विचारा!

विंचूरच्या उपबाजारात लिलावात भाव ठरल्याशिवाय कांद्याचा ट्रॅक्टर व्यापाऱ्याच्या खळ्यावर जात नाही. पण त्याच माणसाच्या मोबाईलवर फुकटचे अॅप उतरते तेव्हा भाव कोणी विचारत नाही. ‘मान्य आहे’वर बोट पडते आणि करार पक्का होतो! त्याची किंमत रुपयांत नसते. ती आपल्या संपर्कयादीतून, ठावठिकाण्यातून, फोटोंतून वसूल होते.

असे करार वाचतो कोण? अमेरिकेतील पीसी पिटस्टॉप कंपनीने 2000 च्या दशकात फुकटच्या प्रोग्रॅमच्या करारात मुद्दाम बक्षिसाचे कलम दडवले. चार महिने उलटले, तीन हजारांहून अधिक लोकांनी प्रोग्रॅम घेतला, तेव्हा कुठे एकाने कंपनीला लिहिले. त्याला 1000 डॉलर मिळाले.

आपल्याकडे मात्र हा केवळ आळसाचा प्रश्न नाही. करार इंग्रजीत, वकिली वळणाचा, पानेच्या पाने. सावकाराच्या कागदावर आपल्या आजोबा-पणजोबांचा अंगठा उठे. आत काय लिहिले ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक. आज पदवीधर मुलगाही तोच अंगठा काचेवर उठवतो. झटपट कर्ज देणाऱ्या अॅपवाल्यांनी संपर्कयादी मिळवून कर्जदारांच्या नातलगांना फोन केले, अब्रूचे धिंडवडे काढले. अखेर सप्टेंबर 2022 मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या अॅपना संपर्कयादी, कॉलच्या नोंदी व फाइली पाहण्यास मनाई केली.

2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील 22 पैकी कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय नागरिकाला मिळाली पाहिजे. त्यात मराठी आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये नियम निघाले, पण या तरतुदीसाठी कंपन्यांना 18 महिन्यांची मुदत मिळाली. ती संपताच मराठी मागणे हा आपला हक्क आहे, मेहेरबानी नव्हे.

तोवर काय करावे? अॅप कोणाचे आहे ते पाहा. ते काय मागते ते वाचा. बॅटरीचा उजेड पाडणाऱ्या अॅपला आपली संपर्कयादी कशाला हवी? वस्तीतल्या वाचनालयात, विहारात शिकलेल्या पोरांनी असा एकेक करार मराठीत समजावून सांगावा.

विंचूरहून येवला दूर नाही. 13 ऑक्टोबर 1935 रोजी तेथेच बाबासाहेबांनी जन्माने लादलेला धर्म सोडण्याचा निर्धार जाहीर केला. ज्याला ‘नाही’ म्हणता येते, त्याच्याच ‘हो’ला अर्थ असतो. मोबाईलवर ‘नाकारा’ असेही एक बटण असते. ते दाबायला शिका!