एका रात्रीचा पराभव आणि पंधरा वर्षांचा हिशेब

२१ मार्च २०२४ च्या रात्री अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात केंटकी विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ ओकलंड विद्यापीठाकडून ८०-७६ असा हरला. आपल्याकडे ही बातमी फारशी कुणी वाचली नसेल. केंटकी राज्यात मात्र त्या रात्री घराघरांत सुतक पडल्यासारखे झाले. दुसऱ्या दिवसापासून एकच वाद सुरू झाला, कोच जॉन कॅलिपारी यांना ठेवायचे की काढायचे?

या वादावर लिहावेसे वाटले ते बास्केटबॉलसाठी नव्हे. पराभवानंतर माणसे एकमेकांशी कशी वागतात हा आपलाही रोजचा प्रश्न आहे, आणि त्याची उत्तरे आपण बहुतेक वेळा चुकीचीच देतो, असे मला वाटते.

आधी पार्श्वभूमी सांगतो. केंटकी राज्यात एनबीएचा संघ नाही, त्यामुळे तिथल्या लोकांचे सगळे प्रेम कॉलेजच्या संघावर आहे. लेक्सिंग्टन शहरातल्या रप अरेनात वीस हजारांच्या आसपास प्रेक्षक बसतात. या संघाने आठ राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली आहेत. कॅलिपारी २००९ मध्ये आले आणि २०१२ मध्ये त्यांनी आठवे विजेतेपद आणले. २०१५ मध्ये त्यांचा संघ सलग ३८ सामने जिंकून उपांत्य फेरीत विस्कॉन्सिनकडून हरला. त्यानंतर घसरण लागली. २०२०-२१ च्या हंगामात ९ विजय आणि १६ पराभव झाले. २०२२ मध्ये सेंट पीटर्स या छोट्या कॉलेजने त्यांना पहिल्याच फेरीत घरी पाठवले. आणि २०२४ मध्ये ओकलंड. हे ओकलंड कॅलिफोर्नियातले नव्हे, मिशिगन राज्यातले. त्यांचे मानांकन चौदावे, केंटकीचे तिसरे. ओकलंडच्या जॅक गोल्कीने एकट्याने तीन गुणांच्या दहा बास्केट केल्या आणि ३२ गुण मिळवले.

चाहत्यांचे दोन तट पडले. एक तट म्हणत होता की काळ बदलला, कोच बदलले नाहीत. एनबीएच्या नियमानुसार खेळाडूला तिथे जायला किमान १९ वर्षे वय लागते. म्हणून शाळेतून निघालेली गुणी मुले एक वर्ष कॉलेजात खेळतात आणि निघून जातात. अशी मुले गोळा करून संघ बांधण्यात कॅलिपारींचा हातखंडा होता. पण २०२१ पासून खेळाडूंना कॉलेज बदलल्यावर एक वर्ष बसून राहण्याची सक्ती उरली नाही, आणि स्वतःच्या नावावर पैसे कमावण्याचीही मुभा मिळाली. त्यामुळे बाकीच्या संघांत बावीस-तेवीस वर्षांचे मुरलेले खेळाडू दिसू लागले. गोल्की स्वतः एका लहान कॉलेजातून ओकलंडला आलेला. अशांसमोर अठरा-एकोणीस वर्षांची पोरे दबावाखाली गडबडतात. शिवाय केंटकीचा हल्ला देशातल्या सर्वोत्तमांपैकी एक होता, पण बचाव कच्चा होता आणि तो हंगामभर कच्चाच राहिला. समोरचा एकच मुलगा लांबून बास्केटमागून बास्केट करतो आहे आणि त्याला आवरता येत नाही, मग कोचला पगार कशाचा?

दुसरा तट म्हणत होता की ही बाद पद्धतीची स्पर्धा आहे. एक रात्र वाईट गेली की वर्ष संपते. पंधरा वर्षांत चारशेहून अधिक विजय मिळवून देणाऱ्या माणसाला एका रात्रीवरून जोखायचे का? शिवाय करार असा होता की त्यांना काढायचे तर विद्यापीठाला तीन कोटी डॉलरहून अधिक रक्कम मोजावी लागली असती.

माझ्या मते दोन्ही तटांचे निम्मे खरे आहे. उर्दूत दोन सुंदर शब्द आहेत, तदबीर आणि तकदीर. तदबीर म्हणजे माणसाच्या हातातले नियोजन, तकदीर म्हणजे हाताबाहेरचे. गोल्कीची बास्केट त्या रात्री पडत राहिली, ही बरीचशी तकदीर. तीन वर्षांत दोनदा पहिल्याच फेरीत दुबळ्या मानल्या गेलेल्या संघाकडून हरणे आणि बचावातली तीच उणीव हंगामभर तशीच राहणे, ही तदबीर. कोचला तदबिरीचा जाब विचारावा, तकदिरीचा नाही. चाहते इथेच गल्लत करतात. जिंकलो तर सगळी तदबीर आणि कोच जादूगार. हरलो तरी सगळी तदबीरच, फक्त आता कोच मूर्ख.

याच खेळातली दुसरी उदाहरणे बघा. २०१८ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठ हा पहिल्या मानांकनाचा संघ सोळाव्या मानांकनाच्या संघाकडून ७४-५४ असा हरला. पुरुषांच्या स्पर्धेत तोवर असे एकदाही झाले नव्हते. कोच टोनी बेनेट यांची देशभर टिंगल झाली. विद्यापीठाने त्यांना ठेवले, त्यांनीही आपली पद्धत सोडली नाही, आणि पुढच्याच वर्षी व्हर्जिनिया विजेता झाला. २०२३ मध्ये पर्ड्यू विद्यापीठाची तीच गत झाली. कोच मॅट पेंटर टिकले, आणि केंटकीचे चाहते कॅलिपारींचा हिशेब मांडत होते त्याच २०२४ च्या स्पर्धेत पर्ड्यू अंतिम फेरीपर्यंत गेला.

सगळ्यात मोठे उदाहरण जॉन वुडन यांचे. करीम अब्दुल-जब्बार हे नाव आपल्या वाचकांना ठाऊक असेल. ते यूसीएलएत वुडन यांच्या हाताखाली खेळले आणि सलग तीन विजेतेपदे जिंकले. कॉलेजच्याच काळात त्यांनी इस्लाम स्वीकारला. वुडन पक्के ख्रिस्ती, तरी गुरू-शिष्याचे नाते वुडन यांच्या मृत्यूपर्यंत टिकले, आणि करीम यांनी त्या नात्यावर पुस्तकही लिहिले. या वुडन यांनी बारा वर्षांत दहा विजेतेपदे मिळवली. पण ते यूसीएलएत आले १९४८ साली आणि पहिले विजेतेपद आले १९६४ मध्ये. सोळा हंगाम लागले. आजच्या चाहत्यांच्या हाती असते तर वुडन पाचव्या वर्षी घरी बसले असते.

गंमत अशी की त्या रात्री पिट्सबर्गमध्येही हाच धडा समोर उभा होता. ओकलंडचे कोच ग्रेग कॅम्पे १९८४ पासून त्याच विद्यापीठात आहेत. ज्या पराभवावरून पंधरा वर्षांच्या कोचला काढा म्हणत होते, तो पराभव चाळीस वर्षे टिकलेल्या कोचने केला होता.

आता थोडे आपल्या परंपरेकडे वळतो. पराभवानंतर कसे वागावे याचा आपल्याकडे उहुदइतका मोठा धडा नाही. हिजरी सन ३. मदिनेतच थांबून बचाव करावा असा प्रेषित मुहम्मद (स.) यांचा स्वतःचा कल होता. बद्रच्या लढाईत भाग न मिळालेल्या तरुण साथीदारांनी बाहेर जाऊन लढण्याचा आग्रह धरला. प्रेषितांनी मशवरा केला आणि बहुतेकांचे मत मानले. टेकडीवर पन्नास तिरंदाज नेमले आणि काही झाले तरी जागा सोडू नका, असे बजावले. शत्रू पळताना दिसताच त्यातले बहुतेक खाली उतरले. पाठीमागून हल्ला झाला. सत्तरच्या आसपास साथीदार शहीद झाले, हजरत हमजा (रजि.) शहीद झाले, प्रेषित स्वतः जखमी झाले.

आजच्या भाषेत बोलायचे तर बोट दाखवायला किती जण होते बघा! बाहेर चला म्हणणारे तरुण होते, आज्ञा मोडणारे तिरंदाज होते. आणि यानंतर कुरआनने काय शिकवले? सूरह आले-इमरानमध्ये या प्रसंगाबद्दल सविस्तर आले आहे. तिथे चूक लपवलेली नाही, तिरंदाजांच्या लोभाचा आणि अवज्ञेचा स्पष्ट उल्लेख आहे. पण १५९ व्या आयतीचा आशय असा, की प्रेषितांनी या लोकांशी नरमाईने वागावे, त्यांना माफ करावे आणि पुढेही कामकाजात त्यांचा सल्ला घेत राहावे.

शेवटची गोष्ट मला फार मोठी वाटते. मशवऱ्यातून घेतलेला निर्णय महागात पडला होता. आपण असतो तर म्हणालो असतो, बस झाला मशवरा. कुरआनने उलटे सांगितले. निकाल वाईट आला म्हणून चांगली पद्धत वाईट ठरत नाही.

याचा अर्थ कुणाला कधी काढूच नये असा नाही. उहुदच्या दिवशी मागून हल्ला करणारे खालिद बिन वलीद पुढे मुसलमान झाले आणि इस्लामी इतिहासातले सर्वात यशस्वी सेनापती ठरले. हजरत उमर (रजि.) यांनी त्यांना सेनापतिपदावरून दूर केले, तेही जिंकत असताना. इतिहासकार याची जी कारणे देतात त्यातले एक असे, की विजय अल्लाह देतो, खालिद नव्हे, हे लोकांना कळावे. खालिद रुसले नाहीत. हजरत अबू उबैदा (रजि.) यांच्या हाताखाली लढत राहिले. म्हणजे पदावरून काढणे हा अन्याय नव्हे. अपमान करून काढणे, कालच्या रागातून काढणे हा अन्याय.

आणि टीकेची हद्द कुठे संपते? २०१७ मध्ये केंटकीचा संघ नॉर्थ कॅरोलायनाकडून शेवटच्या क्षणी हरला, तेव्हा चाहत्यांनी एका पंचावर राग काढला. त्या पंचाचा छपरे बसवण्याचा व्यवसाय होता. अनेक लोकांनी त्या व्यवसायाला खोटे वाईट शेरे दिले, फोन करून शिव्या दिल्या, जिवे मारण्याच्या धमक्या दिल्या. यात खेळ कुठे उरला? सप्टेंबर २०२३ पासून केंटकीत खेळांवर पैसे लावणे कायदेशीर झाले आहे. जुगाराला आपल्याकडे हराम का म्हटले आहे याची अनेक कारणे आहेत, पण एक तर रोज डोळ्यांसमोर दिसते. पैसे बुडालेल्या माणसाला समोरचा एकोणीस वर्षांचा पोरगा पोरगा वाटत नाही, आपला देणेकरी वाटतो.

आपल्या देशात आपण यापुढची पायरी पाहिली. २४ ऑक्टोबर २०२१ ला दुबईत भारत पाकिस्तानकडून दहा गडी राखून हरला. अकरा जण हरले, पण शिव्या मोहम्मद शमीला पडल्या, आणि त्या गोलंदाजीबद्दल नव्हत्या, धर्माबद्दल होत्या. विराट कोहली कर्णधार म्हणून त्याच्या बाजूने उभा राहिला, हे विसरता कामा नये. त्या दिवसांत आपल्याला जे दुखले ते आठवून बघा. सामन्याचा राग माणसाच्या ओळखीवर काढला की कसे वाटते हे आपल्याला चांगले ठाऊक आहे. म्हणूनच इतरांवर राग काढताना आपली जबाबदारी जास्त आहे.

केंटकीत पुढे काय झाले? विद्यापीठाने कॅलिपारी राहणार असे जाहीर केले, पण एप्रिलमध्ये ते स्वतःच अर्कान्सा विद्यापीठात निघून गेले. केंटकीने १९९६ च्या विजेत्या संघाचे कर्णधार मार्क पोप यांना आणले. २०२५ च्या स्पर्धेत पोप यांचा केंटकी आणि कॅलिपारींचा अर्कान्सा, दोन्ही संघ शेवटच्या सोळांत पोचले आणि दोन्ही तिथेच हरले. ज्यांनी काढा म्हटले ते बरोबर की ज्यांनी ठेवा म्हटले ते? निकालावरून सांगता येत नाही. कधीकधी दोघांचेही भले वेगळे होण्यातच असते, आणि त्यासाठी कुणाला नालायक ठरवण्याची गरज नसते.

आता आपल्या मोहल्ल्यात या. दहावीचा निकाल घसरला की हेडमास्तर बदला. चंदा कमी जमला की कमिटी बदला. पेश इमामांची किरात कुणाला आवडली नाही की चौकात, चहाच्या टपरीवर त्यांचा हिशेब सुरू, आणि त्यांना कळते सगळ्यात शेवटी. अमेरिकेतल्या कोचला निदान कोट्यवधी डॉलर मिळतात. आपले इमाम किती पगारावर हे सगळे ऐकून घेतात याचा विचार करा. पाठीमागे केलेली ही चर्चा आपल्याला मशवरा वाटते, पण ती बहुतेक वेळा गीबतच असते. फरक ओळखायची खूण सोपी आहे. तेच बोलणे त्या माणसासमोर, सुधारणेच्या हेतूने, तुम्ही करू शकता का? करू शकत असाल तर जरूर करा, बैठक बोलावून करा. तीन-चार वर्षांचे काम समोर ठेवून करा. त्यांच्या हातात काय होते आणि काय नव्हते, हे वेगळे काढून करा. आणि बदलायचेच ठरले तर शुक्रवारी नमाजनंतर सगळ्यांसमोर आभार मानून निरोप द्या.