खेळाडूचे नाव, खेळाडूचा मोबदला

खेळून पैसे घेणे आपल्याकडे कधीच कमीपणाचे नव्हते. जत्रेत कुस्त्यांचा फड लागला की इनामाची रक्कम आधी पुकारली जाते, हलगी कडाडते आणि जिंकलेला पैलवान चारचौघांत ताठ मानेने ते इनाम घेतो. पैसे घेतले की खेळाडू बाटतो, ही समजूत एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडची. हेन्लीच्या नौकाशर्यतींसाठी १८७९ मध्ये ‘हौशी’ खेळाडूची व्याख्या ठरली, तेव्हा मजूर आणि कारागीर त्यातून सरळ वगळले गेले. पोटाची भ्रांत नसलेल्यानेच खेळावे, असा त्याचा अर्थ. त्याच हौशीपणाच्या नियमावर बोट ठेवून ऑलिंपिकने जिम थॉर्प यांची १९१२ ची दोन सुवर्णपदके काढून घेतली. बेसबॉल खेळून थोडे डॉलर मिळवले, एवढाच त्यांचा गुन्हा. त्याच सुमारास, पुण्यातल्या गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर राबत गोलंदाजी घोटलेले पी. बाळू १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेऊन आले होते. गरिबाघरचा खेळाडू घडतो तो असा, मोबदल्याच्या आधारावर.

खाशाबा जाधवांची गोष्ट महाराष्ट्राला तोंडपाठ आहे, पण तिचा शेवट आपण विसरतो. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी गावाने वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले, बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यानंतर याच ऑलिंपिकवीराने कुस्त्यांचे फड भरवले आणि आलेल्या पैशांतून खर्डेकर सरांचे कर्ज फेडले. लोक तिकीट काढून येत होते ते खाशाबांच्या नावावर. त्या नावाला किंमत होती आणि तिच्यावर पहिला हक्क त्यांचाच होता.

हाच हक्क अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळाडूंना दीर्घकाळ नाकारला गेला. विद्यापीठे सामन्यांच्या प्रक्षेपणावर अमाप पैसा मिळवत, पण खेळाडूने स्वतःच्या नावावर जाहिरात घेतली तर तो स्पर्धेतून बाद होई. २०१९ मध्ये कॅलिफोर्निया या एका राज्याने कायदा करून ही बंदी मोडली. पाठोपाठ इतर राज्ये उठली आणि २०२१ मध्ये तिथल्या महाविद्यालयीन खेळांच्या राष्ट्रीय संघटनेला नियम सैल करावा लागला.

आता आपल्या यवतमाळ जिल्ह्याकडे पाहू. पांढरकवड्याच्या अक्षय कर्णेवारने २०२१ मध्ये मणिपूरविरुद्ध टी-ट्वेंटीत चार षटके टाकली, चारही निर्धाव, वर दोन बळी. या मातीत गुणवत्ता आहे, हे वेगळे सांगायला नको. क्रिकेटला बाजार आहे. पण अमरावती विद्यापीठाच्या स्पर्धांत उतरणाऱ्या यवतमाळ, पुसद, वणी, दारव्ह्याच्या कबड्डीपटूंना, खो-खोच्या मुलींना, धावपटूंना काय मिळते? दहावी-बारावीला वाढीव गुण, पुढे सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण, पदक आले तर रोख बक्षीस. या सवलती मोलाच्याच आहेत. मात्र त्या शाळेत तरी मिळतात किंवा यश पदरात पडल्यावर तरी. अठरा ते बावीस या वयात बूट, खुराक आणि प्रवासाचा खर्च कापसाच्या भावावर जगणाऱ्या घरालाच सोसावा लागतो.

याच वयात त्यांचे फोटो मात्र कामाला लागतात. पोर विद्यापीठाच्या संघात निवडली गेली की चौकात फ्लेक्स लागतो. तिचे छायाचित्र वीतभर, शुभेच्छुकांची हातभर. प्रवेशाच्या जाहिरातीतही तीच झळकते. तिला कुणी विचारत नाही. नाव आणि चेहऱ्याच्या हक्काचा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. गायक अरिजित सिंग याच हक्कासाठी २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि त्यांना संरक्षण मिळाले. वणीच्या मुलीला ती वाट परवडणारी नाही.

पैशाने अभ्यासावरचे लक्ष उडेल, सगळी मलई दोन-चार नामवंतच खातील, ही भीती अनाठायी नाही. अमेरिकेतही मोठा वाटा फुटबॉल आणि बास्केटबॉलकडेच गेला. म्हणून आपला कायदा आपल्या गरजेचा हवा. महाराष्ट्राच्या २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहाव्यात. खेळाडूच्या लेखी संमतीशिवाय त्याचे नाव वा छायाचित्र जाहिरातीत वापरू नये, आणि वापरल्यास मोबदला द्यावा. अशा कमाईमुळे त्याची कोणतीही सवलत जाऊ नये. स्पर्धांना मिळणाऱ्या प्रायोजकत्वाचा ठरावीक हिस्सा सर्व खेळाडूंच्या प्रवास आणि आहारभत्त्यासाठी राखावा.

हे एका राज्याने का करावे, असा प्रश्न निदान यवतमाळने तरी विचारू नये. पुसदचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, १९७२ च्या दुष्काळात, रोजगार हमी योजना राज्यभर पोहोचली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २००५ मध्ये देशाने तोच कित्ता गिरवला. हाताला काम आणि कामाला दाम हा हक्क या राज्याने देशाच्या आधी कागदावर आणला. मैदानावरचा घामही कामाचाच आहे. जिल्ह्याच्या आमदारांनी हा विषय विधिमंडळात मांडावा. खाशाबांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, राज्य क्रीडा दिन म्हणून आपण साजरा करतो. पुढच्या खाशाबासाठी कुण्या प्राचार्याला घर गहाण ठेवावे लागू नये, अशी तजवीज कायद्याने केली तरच त्या दिवसाला अर्थ आहे.