आमची जीन, आमचा कापूस

मागच्या जिल्हा बैठकीत एका जुन्या भाऊंनी आमच्या पायांकडे बघून सर्वांदेखत विचारले, "काय हो, भाषण कापसाच्या भावाचे आणि पॅन्ट अमेरिकेची?" मंडळी हसली, आम्हीही हसलो. उत्तर तेव्हा दिले नाही, ते आज देतो.

शेतकरी भावांनो आणि मायबहिणींनो, जीन आम्हाला मनापासून आवडते. १९९५ साली अहमदाबादच्या अरविंद मिलने न शिवलेल्या जीनचे पाकीट बाजारात आणले, १९५ रुपयांना. आत कापड, चेन, बटण, टिकल्या. आम्ही ते तालुक्याच्या शिंप्याकडून शिवून घेतले. त्याच्या मशीनच्या दोन सुया मोडल्या आणि गड्याने त्यांचे पैसे वेगळे लावले! त्या पॅन्टवर आम्ही डवरा धरला, मोर्चे केले. पऱ्हाटीत पायजम्याच्या चिंध्या होतात, ज्वारीच्या धसकटांनी नडग्या सोलून निघतात. जीनला काही होत नाही.

होणार कसे? ती शिवलीच कष्टकऱ्यांसाठी. अमेरिकेतल्या रेनो गावचा शिंपी जेकब डेव्हिस मजुरांच्या पॅन्टचे खिसे उसवू नयेत म्हणून कोपऱ्यांवर तांब्याच्या टिकल्या ठोकत असे. कापडाचा व्यापारी लेव्ही स्ट्रॉस याच्यासोबत त्याने १८७३ साली त्याचे पेटंट घेतले. आणि भाऊ, त्याच्या कितीतरी आधी मुंबईच्या डोंगरीचे जाडेभरडे सुती कापड इंग्रज व्यापारी विलायतेला नेत होते. डोंगरीवरूनच त्या कापडाला इंग्रजीत 'डंगरी' नाव पडले. तेव्हा पॅन्ट कुणाची, याचा निवाडा जरा सबुरीने करा.

या कापडाचा ताणा निळा, बाणा पांढरा. नीळ सुताच्या गाभ्यापर्यंत जात नाही, वरवर बसते. म्हणून गुडघ्यावर झिजली की जीन पांढरी पडते आणि शहरातली पोरे त्याचेच कौतुक करतात. सूत जाड असते. जाड सुताला फार लांब धाग्याची रुई लागत नाही. आम्ही हे मुद्दाम सांगतो, कारण एका खरेदी केंद्रावर ग्रेडरने आमच्या कापसाची चिमूट ओढून पाहिली आणि "धागा आखूड" म्हणून भाव पाडला. त्याच्या अंगातही जीनच होती.

घरी येऊन आमची जीन किराणा दुकानाच्या काट्यावर टाकली. पाऊण किलोला थोडी कमी भरली. सूतकताईतली घट धरून पाऊण किलो रुई धरा. क्विंटलभर कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते. म्हणजे एका जीनला सव्वादोन किलोच्या आत कापूस लागला. २०२५-२६ चा मध्यम धाग्याचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये. हिशेब झाला १७० रुपये. त्यातली सरकी पुन्हा तेलाला आणि ढेपेला जाते, ती वेगळीच. आमच्या पोराने दिवाळीला जीन घेतली पंधराशेला.

गिरणी कामगाराचा, रंगाऱ्याचा, शिंप्याचा वाटा आम्हाला खुपत नाही. पण कापसाचा भाव उद्या दुप्पट झाला तरी पंधराशेची जीन १,६७० ला जाईल, एवढाच काय तो आकांत. तरीही १९ ऑगस्ट २०२५ ला सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत म्हणाले, मग ३१ डिसेंबरपर्यंत नेले. म्हणजे नेमका आपली वेचणी होऊन कापूस घरात येण्याचा काळ. कापड गिरण्यांना स्वस्त कापूस हवा, हे कारण. त्या १७० रुपयांत आणखी किती कात्री लावणार होते? तालुक्याच्या दुकानात जीन रुपयाने उतरलेली आम्ही तरी पाहिली नाही.

आणखी एक. पूर्वी, एकाधिकार खरेदीच्या काळात, आपला कापूस राज्याच्या हद्दीबाहेर नेला तर तो गुन्हा होता. आपल्या कापसाला हद्द आणि परक्या कापसाला मोकळा दरवाजा, हे आम्ही दोन्ही पाहिले.

पुढच्या बैठकीला आम्ही जीनच घालून येणार आहोत. भाऊंनी येताना काटा आणावा, रुईचा हिशेब सगळ्यांसमोर करू.