जे विकता येत नाही, त्याचा खर्च कोणी करावा?

१९६२ साली अमेरिकेतील न्यू मेक्सिकोत जॉन लिन्सली यांच्या उपकरणांनी एका विश्वकिरणाची नोंद केली. त्या एकट्या कणाची ऊर्जा शंभर अब्ज अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट इतकी होती. असे कण कोठून येतात, हे साठ वर्षांनंतरही निश्चित झालेले नाही.

अडचण दुर्मिळतेची आहे. एका चौरस किलोमीटरवर असा कण शतकात सरासरी एकदाही पडत नाही. म्हणूनच अर्जेंटिनात ३,००० चौरस किलोमीटरवर पसरलेली पिएर ओजे वेधशाळा अनेक राष्ट्रांनी मिळून उभारली. याहून मोठे क्षेत्र हवे तर अंतराळातून खाली पाहिले पाहिजे. कण वातावरणात शिरताच अब्जावधी दुय्यम कणांचा वर्षाव होतो. अशा वर्षावाचे गणित होमी भाभा व हाइटलर यांनी १९३७ साली मांडले होते. त्या वर्षावामुळे हवेतील नायट्रोजन अतिनील प्रकाशाने क्षणभर चमकतो. तोच प्रकाश दुर्बिणीने टिपायचा.

रशियाने २०१६ मध्ये लोमोनोसोव उपग्रहावरून असा प्रयत्न केला. इटली व रशिया यांची 'मिनी-यूसो' दुर्बीण २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेली. २०२३ मध्ये न्यूझीलंडहून सोडलेला दुर्बीणवाहू फुगा गळतीमुळे दोन दिवसांच्या आतच प्रशांत महासागरात कोसळला. अंतराळातून निर्विवाद नोंद अद्याप झालेली नाही.

खासगी भांडवल आज अंतराळात हिरिरीने उतरले आहे; परंतु जेथे ग्राहक आहे तेथेच. विश्वकिरणांना ग्राहक नाही. हे ज्ञान एकाने घेतल्याने दुसऱ्याचे कमी होत नाही, आणि त्याला कुंपणही घालता येत नाही. अशा वस्तूचा खर्च बाजार करीत नाही, तो समाजालाच करावा लागतो.

यावर कार्यकर्ता विचारील, भुकेल्यांच्या जगात ही चैन कशाला? प्रश्न रास्त आहे. मात्र तो चुकीच्या दारी विचारला जातो. २०२४ मध्ये जगाचा लष्करी खर्च सुमारे २.७ लाख कोटी डॉलर होता. भाकरी हिरावली जाते ती तेथे, दुर्बिणीच्या भिंगात नव्हे.

मात्र समाजाने पैसा द्यायचा तर फळही समाजाचेच असले पाहिजे. पिएर ओजे वेधशाळेने २०२१ मध्ये आपल्या नोंदींचा दहावा हिस्सा सर्वांसाठी खुला केला. उद्याच्या अंतराळ दुर्बिणींच्या बाबतीत हा अपवाद न राहता नियम व्हावा, हीच समाजवाद्यांची मागणी असली पाहिजे.