अंदाज कुणी करायचा?

हिंजवडी, खराडी, ऐरोली, कुठल्याही आयटी कंपनीत डोकावा, सॉफ्टवेअरचं काम ‘अजाइल’ पद्धतीनेच, छोट्या टप्प्यांत चालतं. दोन आठवड्यांचा स्प्रिंट, रोजचा पंधरा मिनिटांचा स्टँडअप, शेवटी झालेल्या कामाचा आढावा घेणारा रेट्रो, सगळं यथासांग पार पडतं. पण किती काम अंगावर घ्यायचं हे ठरवण्याचा अधिकार बहुतेक टीमना मिळालेलाच नाही, आणि त्याच्याशिवाय बाकी सगळं नुसतं कर्मकांड उरतं.

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्ड इथे केंट बेक, मार्टिन फाउलर, केन श्वेबर असे १७ जण जमले आणि त्यांनी अजाइलचा जाहीरनामा लिहिला. करारावर घासाघीस करण्यापेक्षा ग्राहकाच्या साथीने काम करणं त्यांनी वरचं मानलं. कामाचा वेग कायम झेपेल एवढाच असावा, असंही तत्त्वांत नोंदवलं. श्वेबर आणि जेफ सदरलँड यांची, स्क्रम या अजाइल पद्धतीची ‘स्क्रम गाइड’ तर स्पष्टच सांगते, की जे काम करणार, त्या कामाचं माप त्यांनीच ठरवायचं.

आता प्लॅनिंगची बैठक पाहा. काम किती मोठं आहे याचा स्टोरी पॉइंटमधला आकडा असलेलं आपलं कार्ड प्रत्येकाने पालथं ठेवायचं आणि सगळ्यांनी एकदम उलटायचं. चौघांचे ५ निघतात, एकीचा १३. अशा वेळी आधी तिचं ऐकायचं, यासाठीच ही रीत आहे. पेमेंटचा जुना कोड गेल्याच महिन्यात तिने उघडलेला असतो. त्याला एकही टेस्ट नाही, इथे हात लावला की तिकडे काहीतरी मोडतं, हे खोलीत तिला एकटीलाच ठाऊक असतं. पण लीड म्हणतो, ‘पाच धरूया, क्लायंटला तारीख दिलीय.’ ती गप्प बसते. स्प्रिंट संपताना शनिवारी लॅपटॉप उघडून तीच बसते, टेस्ट पुन्हा राहतात, आणि पुढच्या वेळी तेच काम आणखी अवघड झालेलं असतं.

लीडला तरी किती दोष द्यायचा? तारीख, फीचर्सची यादी आणि रक्कम, तिन्ही करारातच पक्की होऊन त्याच्या टेबलावर आलेली असतात. त्यात टीमची व्हेलॉसिटी, म्हणजे एका स्प्रिंटमध्ये पुरे केलेले पॉइंट, अप्रेझलमध्ये मोजली जाते. मग पाचाचं काम आठाचं म्हणून लावलं जातं. आलेख चढतो, सॉफ्टवेअर होतं तेवढंच राहतं. स्टोरी पॉइंट हे टीमने स्वतःपुरतं वापरायचं माप आहे. दोन टीमची तुलना त्यावरून करणं ताबडतोब थांबवलं पाहिजे.

आणि दुरुस्ती करारापासूनच करायला हवी. तारीख हलणार नसेल, तर फीचर्स कमी-जास्त होतील, हे ग्राहकाला सही करण्याआधी सांगितलं पाहिजे. ते सांगण्याची जबाबदारी करार आणणाऱ्या वरिष्ठांची आहे. तेवीस वर्षांच्या डेव्हलपरच्या शनिवार-रविवारातून ती चुकवल्याची किंमत वसूल करण्याचा त्यांना काहीही हक्क नाही.