ध्यान आणि न्याय

हुबळी-धारवाड हे जुळे शहर अलीकडे गोमंतकीयांच्या बोलण्यात येते ते बहुधा म्हादईच्या पाण्यावरून. तो वाद त्याच्या ठिकाणी महत्त्वाचा आहेच. परंतु ज्या भूमीशी आपण भांडतो, त्या भूमीशी आपले दुसरेही काही नाते आहे, याचे विस्मरण होऊ नये. धारवाडच्या दक्षिणेस कलघटगी ओलांडली की रान सुरू होते, आणि मुंडगोड, यल्लापूर, हल्याळ या तालुक्यांतून ते थेट घाटमाथ्यापर्यंत पोहोचते. या रानात सिद्दी राहतात. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून पोर्तुगीजांच्या गलबतांतून आणलेल्या आणि गोव्याच्या बाजारात विकल्या गेलेल्या गुलामांचे हे वंशज. जे धन्याच्या घरातून निसटले त्यांनी घाट चढून या जंगलाचा आश्रय घेतला, असे मानले जाते. त्यांच्यातील अनेकांच्या घरात आजही कोकणी बोलली जाते. कोणी ख्रिस्ती आहेत, कोणी हिंदू, कोणी मुसलमान. गोव्याने ज्यांना टाकले, त्यांनी गोव्याची भाषा मात्र टाकली नाही!

या माणसांच्या कथेतूनच आज आम्हांला एका प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. ईश्वराचे चिंतन आणि अन्यायाशी झुंज, या दोन गोष्टी एकाच माणसाच्या जीवनात नांदू शकतात काय? की ज्याला ध्यान करावयाचे त्याने डोळे मिटावेत आणि ज्याला न्याय हवा त्याने देव्हारा सोडून रस्त्यावर यावे, अशी वाटणी अटळच आहे?

कॅथॉलिक पंथाच्या इतिहासात या प्रश्नाची दोन्ही उत्तरे सापडतात, आणि पहिले उत्तर मोठे लाजिरवाणे आहे. 1452 साली पोप पाचवे निकोलस यांनी काढलेल्या आज्ञापत्राने पोर्तुगालच्या राजाला परधर्मीयांना जिंकून कायमचे दास करण्याची मुभा दिली. पुढे गोव्यात जी मठमंदिरे उभी राहिली, त्यांत प्रार्थनेच्या घंटा नेमाने वाजत होत्या, उपासतापास होत होते, आणि त्याच भिंतींच्या आत गुलामही राबत होते. त्या मठवासीयांची प्रार्थना खोटी होती असे कोणी म्हणू नये. ती खरीच असेल. पण ती त्यांच्या अंगणापर्यंतसुद्धा पोहोचली नाही. अशा आज्ञापत्रांवर उभारलेल्या सिद्धान्ताचा रोमने जाहीर अव्हेर केला तो 30 मार्च 2023 रोजी. मध्ये पावणेसहा शतके लोटली.

दुसरे उत्तर याच परंपरेच्या पोटातून आले. इग्नेशियस लोयोला यांनी घालून दिलेली, 1548 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेली तीस दिवसांची साधना जेझुइट संघाच्या प्रत्येक सभासदाला करावी लागते. तिच्यात ख्रिस्तचरित्रातील प्रसंग डोळ्यांपुढे उभा करून त्यात स्वतः जाऊन उभे राहावयाचे असते. गोठ्यातील गरिबी पाहावयाची, क्रुसावरील वेदना पाहावयाची, आणि आपण त्या वेळी कोणाच्या बाजूला असतो हे स्वतःला विचारावयाचे. रोज दोन वेळा मनाचा हिशेब घ्यावयाचा. साधनेच्या शेवटी शिकवण येते ती अशी, की प्रेमाची ओळख शब्दांपेक्षा कृतीतून पटते. ज्याने हे पाहणे मनापासून केले, त्याला झोपडीतील उपाशी मूल न दिसणे अवघड आहे. 1971 साली रोम येथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेने न्यायासाठी झटणे हा धर्मोपदेशाचा अंगभूत भाग असल्याचे सांगितले. 1975 साली पेद्रो आरूपे यांच्या नेतृत्वाखाली जेझुइट संघाने श्रद्धेची सेवा आणि न्यायाची प्रस्थापना हे एकच व्रत मानले. लॅटिन अमेरिकेतील सान साल्वादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांना 24 मार्च 1980 रोजी मिस्सा चालू असताना गोळी घालण्यात आली, ती याच वाटेवर. वेदी आणि रस्ता यांत त्यांनी अंतर ठेवले नव्हते, म्हणून मारेकऱ्यांना त्यांना वेदीपाशीच गाठता आले.

हे वारे हुबळीच्या परिसरातही पोहोचले. हुबळीपासून पन्नासेक किलोमीटरवर मुंडगोड येथे जेझुइटांचे लोयोला विकास केंद्र आहे. सिद्दी, लंबाणी, मराठी बोलणारे गवळी आणि दलित यांच्या वाड्यावस्त्यांतून शिक्षण आणि संघटन हे त्याचे काम. येथे दान आणि न्याय यांतील भेद ध्यानात घेण्यासारखा आहे. नाताळला किंवा दिवाळीला तांदळाचे पोते देणे हे दान होय, आणि ते वाईट नव्हे. पण सुपारीच्या बागांत पिढ्यान्‌पिढ्या कर्जापोटी राबणाऱ्या माणसाला 1976 च्या कायद्याने वेठबिगारी रद्द झाली आहे हे सांगणे, त्याला अर्ज लिहावयास शिकविणे, कचेरीत त्याच्या शेजारी उभे राहणे, हे काम वेगळे आहे. दान घेणारा पुढील वर्षी पुन्हा हात पसरतो. हक्क मिळालेला मनुष्य मान वर करतो.

या हक्काची वाट किती काट्याकुट्यांची असते, तेही पाहावे. 1984 साली सिद्दींनी आपली संघटना उभी केली. तीत तिन्ही धर्मांचे लोक एकत्र आले. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दींना अनुसूचित जमातींत स्थान मिळाले ते 2003 साली. पण धारवाड आणि बेळगाव जिल्ह्यांतील त्यांचे भाऊबंद बाहेरच राहिले! हल्याळातील बहीण आदिवासी ठरली, आणि लग्न होऊन कलघटगीत गेलेली तिची सख्खी बहीण ठरली नाही. हा केवळ नावाचा खेळ नव्हता. 2006 च्या वनहक्क कायद्यानुसार अनुसूचित जमातीच्या माणसाने 13 डिसेंबर 2005 पूर्वीची आपली वहिवाट दाखविली की पुरे होते; इतर वनवासीयांना मात्र तीन पिढ्यांचे, म्हणजे 75 वर्षांचे, वास्तव्य सिद्ध करावे लागते. ज्यांचे पूर्वज पळून येऊन लपून राहिले, त्यांनी 75 वर्षांचे कागद कोठून आणावेत? धारवाड व बेळगावच्या सिद्दींना ही दारे उघडली ती 2020 मध्ये. त्याच वर्षी शांताराम सिद्दी हे कर्नाटकाच्या विधान परिषदेवर नियुक्त झाले; त्यांची जडणघडण वनवासी कल्याणाच्या हिंदू कार्यातून झालेली आहे. न्यायाच्या या कामात एकाच धर्माची मक्तेदारी नाही, याची ही सुखद साक्ष.

येथे आमच्या वाचकांच्या मनातील शंकेला बगल देणे योग्य होणार नाही. सेवेच्या आडून धर्मांतर होते, ही ती शंका. गोमंतकाचा इतिहास पाहता ती निराधार आहे असे कोणी म्हणणार नाही. बेळगाव जिल्ह्यातील देशनूर येथे जेझुइटांनी विरक्त मठाच्या धर्तीवर आश्रम चालविला आहे. 2019 साली तेथील भगव्या वस्त्रांतील बिशपांचे छायाचित्र प्रसृत झाले, तेव्हा काही कॅथॉलिकांनी हा भ्रष्टाकार म्हटला आणि काही हिंदूंनी हा डाव म्हटला. आमच्या मते कसोटी वस्त्राच्या रंगाची नव्हे. जो गरिबांची डोकी मोजतो, त्याचे ध्यान अपुरे आहे. ज्याने समोरच्या माणसात खरोखर ईश्वर पाहिला, त्याला तेथे नव्याने देव नेऊन पोहोचविण्याची घाई असण्याचे कारण नाही. हक्क मिळाला तो हिंदू सिद्दीला, मुसलमान सिद्दीला आणि ख्रिस्ती सिद्दीला सारखाच मिळाला काय, एवढे विचारावे. याचे उत्तर होय असेल तर शंका आपोआप मागे सरते.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. चिंतनाचा आधार नसलेली न्यायाची चळवळ लवकर थकते किंवा द्वेषाने आंधळी होते. बंगळूरच्या इंडियन सोशल इन्स्टिट्यूटचे 1975 ते 1986 या काळात संचालक राहिलेले जेझुइट स्टॅन स्वामी पुढे झारखंडच्या आदिवासींत जाऊन राहिले. भीमा-कोरेगाव प्रकरणी त्यांना 8 ऑक्टोबर 2020 रोजी अटक झाली, आणि 5 जुलै 2021 रोजी वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, कंपवाताने जर्जर असताना, कच्चे कैदी म्हणूनच मुंबईत त्यांचा अंत झाला. त्यांच्यावरील आरोपांचा निवाडा न्यायालयात झालाच नाही. तो आम्ही येथे करू इच्छित नाही. परंतु तुरुंगातूनही त्यांनी सोबतच्या गरीब कैद्यांची काळजी वाहिली. ते बळ घोषणांतून येत नसते.

आपल्या परंपरेला हे नवे आहे काय? धारवाडच्या मातीत बसवेश्वरांचा 'कायक' आणि 'दासोह' यांचा विचार बाराव्या शतकापासून रुजलेला आहे. मुरुघा मठाने गरीब विद्यार्थ्यांच्या अन्ननिवाऱ्याची सोय करून तो चालविला. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपूरचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून प्राण पणाला लावले. विठ्ठलावर त्यांची भक्ती नसती तर ते उपोषणास बसलेच नसते; आणि ते उपोषणास बसले नसते तर त्या भक्तीला अर्थ उरला नसता.

तेव्हा परक्याच्या परीक्षेवर थांबून भागणार नाही. सिद्दींना ज्या 2003 साली मान्यता मिळाली, त्याच साली गोव्यातील गावडा, कुणबी आणि वेळीप या समाजांनाही ती मिळाली. 25 मे 2011 रोजी बाळ्ळीच्या आंदोलनात दोन तरुणांचे प्राण गेले, तेही याच समाजांच्या मागण्यांसाठी. काणकोण, सांगे, सत्तरी येथील वनहक्कांचे अनेक दावे वर्षानुवर्षे रेंगाळले. ज्यांच्या पूर्वजांनी खाजनांचे बांध घातले, त्यांनी आपल्याच जमिनीसाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवावेत, आणि आपण देवळांच्या जीर्णोद्धाराच्या वर्गण्या गोळा कराव्यात, हे शोभणारे नाही.

गोव्याच्या चर्चने आपल्या दप्तरांतील गुलामांच्या नोंदी उघडून सिद्दींना त्यांचा इतिहास परत करावा. हिंदू देवस्थानांनी आपल्या उत्पन्नाचा एक वाटा वनहक्काच्या दाव्यांची कागदपत्रे जुळविणाऱ्या कार्यकर्त्यांच्या पाठीशी उभा करावा. शासनाने ग्रामसभांनी मंजूर केलेले दावे मुदतीत निकाली काढावेत. यांतील एकही गोष्ट अवघड नाही. डोळे मिटून ज्याचे ध्यान केले, तो डोळे उघडल्यावर कोणाच्या रूपाने समोर उभा आहे, हे ओळखण्याची मात्र तयारी हवी. ती नसेल, तर आपल्या आणि त्या जुन्या मठवासीयांच्या प्रार्थनेत फरक काय राहिला?