शीरखुर्म्यातली चौघं

आमच्या घरात फ्रिज गुपचूप उघडता येत नाही. रात्री अकरा वाजता पाण्याची बाटली काढायला गेलं, तरी हॉलच्या कोपऱ्यातून ‘वीऽऽक, वीऽऽक’ अशा शिट्ट्या सुरू होतात. एकाने सुरुवात केली की बाकीचे तिघे सूर मिळवतात. कोथिंबिरीची काडी पुढ्यात पडेपर्यंत हा गोंधळ थांबत नाही. वरच्या मजल्यावरच्या भाभींनी एकदा विचारलंच, ‘तुमच्या कुकरची शिटी अशी का हो वाजते?’

ही शिटी आमच्या चार गिनी पिगची. पण हे पूर्ण नाव आमच्या घरात कुणी घेत नाही. त्याचं कारण आमच्या अम्मी, म्हणजे मुलांच्या दादी.

गेल्या वर्षी रमजान ईदनंतर मुलांनी आपापली ईदी एकत्र केली, आम्ही त्यात थोडी भर घातली आणि बाजारातून दोन पिल्लं घरी आली. धाकट्याने खोकं उघडलं, मोठ्या ऐटीत नाव सांगितलं आणि दादींच्या कपाळावर आठ्या पडल्या.

‘काय म्हणालास? पिग? या घरात?’

थोरली आठवीत आहे. ती पुढे सरसावली. ‘दादी, डुकराशी यांचं काही नातं नाही. उंदीर, खार, साळिंदर असतात ना, त्यांच्यातले हे. आणि गिनी देशातलेही नाहीत. दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वत आहे, पेरू-बोलिव्हियाकडे, तिथले लोक यांना हजारो वर्षं पाळतात.’

दादींनी चष्मा लावून दोघांना नीट न्याहाळलं. मग निकाल दिला. ‘मग नुसतं गिनी म्हणा. आमच्या लहानपणी गिनी म्हणजे सोन्याचं नाणं. मागचा शब्द उंबऱ्याबाहेर ठेवा. आणि माझ्या नमाजच्या जागेकडे यांचं तोंड वळता कामा नये.’

ईदची गोडी अजून तोंडात होती, म्हणून मुलांनी नावं शीरखुर्म्यातली काढली. तपकिरी ती बदाम, काळसर लाल ती खारीक.

दुकानदाराने शपथेवर सांगितलं होतं की दोन्ही माद्या आहेत. अडीच महिन्यांनी बदाम नारळासारखी गोल झाली. आम्हाला वाटलं, खाणं जास्त होतंय. एके दिवशी सकाळी पाहतो तर तिच्या पोटाशी आणखी दोन गिनी! अंगावर पूर्ण केस, डोळे उघडे, आणि चक्क चालतायत. दुसऱ्या दिवशी तर गवताची पात चघळायला लागली. दादी म्हणाल्या, ‘आमची पोरं वर्षभर कडेवर, आणि ही बघा.’

दवाखान्यात नेल्यावर कळलं की खारीक नर आहे. डॉक्टरबाईंनी त्याच दिवशी त्याला वेगळं करायला लावलं, कारण व्यायल्यावर काही तासांतच मादी पुन्हा गाभण राहू शकते. पिल्लं मात्र दोन्ही माद्या निघाल्या. त्यांची नावं ठरलेलीच होती, शेवई आणि चारोळी. तेव्हापासून खारीकशेठ जाळीच्या अलीकडे आणि तिघी पलीकडे. एकमेकांना बघतात, हुंगतात, एकटं कुणी पडत नाही.

यांचा खोडकरपणा सांगावा तेवढा थोडा. मोबाइलच्या दोन चार्जरच्या वायरी कुरतडून झाल्या. (तेव्हापासून आमच्याकडे सगळ्या वायरी कमरेच्या उंचीवर असतात. वीज चालू असती तर काय झालं असतं, या विचाराने अजून काटा येतो.) पुठ्ठ्याचं कुंपण ओलांडून खारीक एकदा थेट दादींच्या कोपऱ्यात पोहोचला. जानमाजची झालर त्याने चाखली, आणि शेजारी ठेवलेल्या तसबीहचा दोराही. ९९ मणी घरभर! मुलांनी पलंगाखाली शिरून मोजले तर ९८ भरले. त्याने एक गिळला की काय, या धास्तीत संध्याकाळ गेली. रात्री तो मणी दादींच्याच चपलेत सापडला. दादींनी तसबीह पुन्हा ओवली, जानमाज धुवायला टाकली आणि पुठ्ठ्याच्या जागी फळी ठोकून घेतली. रागावल्या मात्र नाहीत. कारण तोवर चौघं त्यांच्या पायाचा आवाज ओळखायला लागली होती. त्या समोर आल्या की शेवई आणि चारोळी जागच्या जागी उड्या मारतात, तव्यावर ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तशा.

यंदाच्या मे महिन्यात मात्र आमची चूक झाली, आणि ती लिहिण्यासाठीच हे पान आहे.

सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. या जनावरांना घाम येत नाही, तिशीच्या आसपासचं तापमानसुद्धा त्यांना सोसत नाही. म्हणून आम्ही पिंजरा खिडकीपासून हलवला, खाली शहाबादी फरशी ठेवली, दारावर ओलं गोणपाट टांगलं. उन्हाची काळजी घेतली आणि खाण्याकडे दुर्लक्ष झालं. कोथिंबीर महागली होती, आणलेली जुडी दुपारपर्यंत माना टाकायची. दुकानदार म्हणाला, ‘सशाचं खाद्य घेऊन जा, दोघांचं एकच असतं.’ आम्ही नेलं. तीन-चार आठवडे पालेभाजी जवळजवळ बंदच राहिली.

एके दिवशी दादी फजरच्या नमाजला उठल्या. त्यांनी दिवा लावला की रोज चौघांच्या शिट्ट्या होतात. त्या दिवशी नमाज झाल्यावर त्यांनी आम्हाला उठवलं. ‘आज तिघांचाच आवाज आला. बदाम बोलली नाही.’

‘अम्मी, झोपली असेल ती,’ असं म्हणून आम्ही कूस बदलली. दुपारी तिच्यापुढे काकडी ठेवली, तिने तोंड लावलं नाही. उचलायला गेलो तर मागचा पाय आखडून किंचाळली. घरात धाकट्याचं उरलेलं अमॉक्सिसिलिन होतं. दोन थेंब द्यावेत असं मनात आलं होतं. दादींनी हात धरला. ‘विचारल्याशिवाय काही देऊ नका.’

डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न विचारला, ‘खायला काय देता?’ आम्ही सांगितलं, आणि त्यांनी आजाराचं कारण तिथेच सांगितलं. क जीवनसत्त्व माणसाच्या शरीरात तयार होत नाही, तसंच गिनीच्याही नाही. ससा ते स्वतः बनवतो, म्हणून सशाच्या खाद्यात ते असेलच असं नाही. काही आठवडे मिळालं नाही की सांधे सुजतात, चालताना दुखतं, भूक जाते. आणि गिनीने खाणं थांबवलं की त्याचं आतडंही थांबतं, एक दिवससुद्धा वाट बघता येत नाही. अमॉक्सिसिलिनचं सांगितलं तेव्हा त्या गंभीर झाल्या. त्या जातीची औषधं गिनीच्या पोटातले उपयोगी जंतू मारतात, जीवही जाऊ शकतो.

‘आम्हाला आधी कसं कळलं नाही?’ आम्ही विचारलं.

‘हे शिकार होणारं जनावर आहे. दुखणं लपवणं हा त्याचा स्वभाव. गोंधळ घालतंय तोवर बरं आहे. गप्प झालं की समजा.’

पुढचे चार दिवस घरात पाळ्या लागल्या. क जीवनसत्त्वाचे थेंब, आणि दर दोन-तीन तासांनी गवताच्या भुकटीची पातळ पेज, बिनसुईच्या सिरिंजने, गालाच्या कडेने, हळूहळू. संध्याकाळ मुलांची, मध्यरात्र आमची. तहज्जुदपासून फजरपर्यंतची पाळी दादींनी स्वतः मागून घेतली. गेल्या वर्षी ज्यांना नावसुद्धा नकोसं झालं होतं, त्या मांडीवर जुना टॉवेल पसरून तिला भरवत बसायच्या.

पाचव्या दिवशी सकाळी थोरलीने दुधासाठी फ्रिज उघडला. तिघांनी शिट्ट्या घातल्या, आणि मागून एक बारीक, घोगरी, अर्धवट शिटी आली. दादी स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या, ‘अल्हम्दुलिल्लाह, बोलली.’

बदाम आता बरी आहे. मागचा पाय जरा ओढत चालते, तेवढी आठवण राहिली. घरात काही नियम झाले. चौघांना सुकं गवत दिवसभर, हवं तेवढं, कारण त्यांचे दात आयुष्यभर वाढतात आणि गवत चावूनच झिजतात. रोज ढोबळी मिरचीचा काप आणि कोथिंबीर. दर किलो वजनामागे रोज १० ते ३० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागतं, ते असं भाजीतून जातं. ते पाण्यात मिसळून ठेवण्यात अर्थ नाही, लवकर निकामी होतं. कांदा, लसूण, बटाट्याचा पाला त्यांच्यापुढे येत नाही. आणि दर जुम्म्याला धाकटा चौघांना स्वयंपाकघरातल्या काट्यावर बसवून वजन वहीत लिहितो. वजन उतरू लागलं तर वही आम्हाला शिटी बंद होण्याआधी सांगेल.

तुमच्याही घरी मुलं हट्ट धरत असतील, तर जरूर आणा. फक्त एवढं आधी बोलून घ्या की गिनी पाच ते आठ वर्षं जगते. ईदीच्या पैशांत जनावर येतं, त्याची इतक्या वर्षांची देखभाल घरातल्या सगळ्यांनी वाटून घ्यावी लागते.

हे लिहिता लिहिता पाणी प्यायला उठलो आणि फ्रिज उघडला. चारही शिट्ट्या मोजून घेतल्या. आता कोथिंबीर द्यावीच लागेल.